वर्मावर बोट

आमच्या सोसायटीच्या गणपतीची मीटिंग चहा आल्यावर सुरू होते आणि बिस्किटं संपल्यावर संपते. यंदा या दोन घटनांच्या मधे मी तोंड उघडलं.

“थर्माकोल बंद झाल्यापासून आपण तेच पुठ्ठ्याचं देऊळ दरवर्षी गच्चीवरून उतरवतोय. यंदा कसारा घाट करू या. बोगदा, दरी, धबधबा आणि घाट चढणारी गाडी.”

“चढणारी म्हणजे? चालती?” सेक्रेटरींनी विचारलं.

“मग काय ढकलती?” मी म्हटलं. लोक हसले. हशा फार वाईट. वहीत नोंद झालीसुद्धा : चालती गाडी, बी विंग, ३०२.

एवढा आव आणायला कारण होतं. माझ्या कपाटात एक इंजिन होतं. शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं, बुटकं वाफेचं इंजिन, चार चाकांचं, खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्शाचं, तळहातावर मावणारं. त्याची बॉडी कॉलेज रोडच्या एका पोरानं थ्री-डी प्रिंटरवर काढून दिली होती आणि चाकं माझ्या मावसभावानं इंग्लंडहून आणली होती, बदल्यात चार किलो चिवडा नेला होता. आता फक्त मोटर आणि गिअरबॉक्स बसवायचे राहिले होते. मी हिशोब केला, एक रविवार. बँकेत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाचा अंदाज असाच असतो. काम किती वेळ चालेल हे त्याला सांगता येत नाही, काउंटर किती वाजता बंद होतो हे येतं.

आमच्या नाशिकच्या जेलरोडला दर दोन घरं सोडून एक निवृत्त माणूस राहतो. कुणी नोटांच्या प्रेसमधला, कुणी देवळालीच्या तोफखान्यातला, कुणी रेल्वेतला. माझ्या डोक्यावर, म्हणजे ४०२ मध्ये, रेल्वेतले काका आहेत. एकलहऱ्याच्या बाजूला रेल्वेचा जो कारखाना आहे, जिथे विजेच्या इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटरी दुरुस्तीला येतात, तिथे त्यांची हयात गेली. मीटिंगहून परतताना जिन्यात त्यांनी मला गाठलं.

“मोटर किती टनाची घेणार आहेस?”

“काका, दहा ग्रॅमचीसुद्धा नाही.”

काका दोन पायऱ्या गप्प राहिले. मग म्हणाले, “आमची एक मोटर तीन-साडेतीन टनाची. ६३० किलोवॅट. ७५० व्होल्ट. मिनिटाला ८९५ फेऱ्या. एका इंजिनाला अशा सहा. तुझी किती वॅट?”

माझी मोटर एक वॅट तरी देते की नाही याची मला शंका होती. काकांच्या एका मोटरीला माझ्या सहा लाख तीस हजार लागल्या असत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ते पुढच्या पायरीवर स्वतःच काढलं.

“आणि तू बँकेत ना?” दारापाशी ते म्हणाले. “म्हणजे बँकर. आमच्याकडे बँकर म्हणजे मागून ढकलणारं इंजिन. कसाऱ्याला गाडीच्या ढुंगणाला लावतात, इगतपुरीला काढतात.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन वर गेले.

पहिली मोटर मी घरातच मिळवली. माळ्यावर मुलीची एक मोडकी रिमोटची गाडी होती. ती उघडली, मोटर काढली, तिच्याबरोबरची प्लास्टिकची दातेरी चाकं काढली आणि रबरबँड, फेविक्विक आणि श्रद्धा यांच्या जोरावर ती इंजिनाखाली बसवली.

“बाबा, ती मोडकी नव्हती,” मुलगी म्हणाली. “सेल संपले होते.”

मोटर दोन सेलांची, म्हणजे तीन व्होल्टची. माझ्याकडे अ‍ॅडॉप्टर बारा व्होल्टचा. मी इंजिन रुळावर ठेवून बटण दाबलं आणि पाहिलं तर इंजिन रुळावर नव्हतं. फ्रिजखाली होतं. त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. मोटरीच्या मिनिटाला दहा हजार फेऱ्या धरल्या, दातेरी चाकांनी त्या चौथाईवर आणल्या, उरल्या अडीच हजार. चाक १४ मिलिमीटरचं, त्याचा घेर ४४. म्हणजे मिनिटाला ११० मीटर. त्याला सत्याऐंशीनं गुणलं तर माझं शंटिंगचं इंजिन ताशी ५७४ किलोमीटरनं धावत होतं. नाशिकरोड ते सीएसएमटी १८८ किलोमीटर, वीस मिनिटांत. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांना हे कळलं असतं तर त्यांनी माझी मिरवणूक काढली असती.

दुसऱ्या खेपेला इंजिनातून धूर निघाला. वाफेच्या इंजिनाला धूर यावा अशी माझी इच्छा होतीच, तो चिमणीतून यावा ही अट घालायची राहून गेली होती.

काकांना फेऱ्यांचं गणित दाखवलं. ते म्हणाले, “आमच्या मालगाडीच्या इंजिनात मोटरीवरच्या पिनियनला सोळा दाते, चाकांच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरला पासष्ट. चारास एक. तेवढं पुरतं, कारण मोटरच मुळात सावकाश फिरते आणि तिच्या अंगात रग असते. तुझी मोटर म्हणजे माशी. नुसती भिरभिर. तिला तीसास एक तरी लाव. वर्म घाल, वर्म.”

वर्म या शब्दानं मी दचकलो. मराठीच्या बाईंनी शाळेत ‘वर्मावर बोट ठेवणे’चा वाक्यात उपयोग करायला सांगितला होता, तेव्हापासून वर्म म्हणजे मर्मस्थान एवढंच मला माहीत. काकांचं वर्म वेगळं. स्क्रूसारखे आटे असलेला एक छोटा दांडा मोटरीच्या शाफ्टवर बसवायचा, त्याला आडवं एक दातेरी चाक लावायचं. दांड्याची एक फेरी झाली की चाक एका दात्यानं सरकतं. चाकाला तीस दाते असतील तर मोटरीच्या तीस फेऱ्यांत चाकाची एक. शिवाय गंमत अशी की वर्म चाकाला फिरवतं, चाक वर्माला फिरवू शकत नाही. उलट्या बाजूनं कितीही जोर लावा, यंत्रणा जागची हलत नाही. हे वाचल्याबरोबर मला ते समजलं. आमचं हेड ऑफिस आणि आमची शाखा यांच्यात हाच गिअर आहे.

बारा व्होल्टची, नखाएवढी नवी मोटर मागवली, गिअरचा सेट मागवला. सेट निवडताना तीस चांगले तर चाळीस अधिक चांगले, या न्यायानं चाळीस दात्यांचा घेतला. पुढे ‘मोड्यूल ०.५’ असं काहीतरी लिहिलं होतं, ते मी हमीच्या अटींसारखं वाचलं, म्हणजे वाचलं नाही. मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप. दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे, मोड्यूलनं गुणायचं, की गिअरचा बाहेरचा व्यास मिळतो. हे मला पार्सल उघडल्यावर कळलं. बेचाळीस गुणिले ०.५, म्हणजे एकवीस मिलिमीटर. आणि माझं चाक चौदाचं.

ज्यांच्या डोळ्यांपुढे चित्र येत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन रुळावर ठेवलं तेव्हा मधला गिअर स्लीपरांवर टेकला आणि चारांतली दोन चाकं रुळांच्या वर, हवेत तरंगत राहिली. बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं. “कुठल्या बाजूनं चालतं हे?” तिनं विचारलं. तिचं कुतूहल खरं होतं, त्यामुळे जास्त लागलं.

दुसरा सेट मात्र गणित करून मागवला. मोड्यूल ०.४, तीस दाते, बाहेरचा व्यास १२.८. रुळाच्या वर ०.६ मिलिमीटर मोकळं राहणार होतं. मधल्या आठवड्यात चासीसाठी पितळेची पट्टी आणायला भांडी बाजारात गेलो. “किती किलो?” दुकानदारानं विचारलं. “चार इंच,” मी म्हटलं. त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं, गिऱ्हाइकानं समईकडे. शेवटी एक तुकडा त्यानं तसाच दिला. पितळेच्या धंद्यात त्याला इतकं लहान नाणं अजून सापडलेलं नव्हतं.

सेट आला. मोजला. १२.८. मी गिअर उचलला, अ‍ॅक्सलवर सरकवला, आणि तो गेला नाही.

गिअरचं भोक तीन मिलिमीटरचं. अ‍ॅक्सल इंग्लंडचा, म्हणजे एक अष्टमांश इंच. ३.१७५ मिलिमीटर. एक अष्टमांश इंचाला आपल्याकडचा लेथवाला ‘एक सूत’ म्हणतो. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. इंग्रज १९४७ साली गेला, त्याचं सूत इथे राहिलं, आणि इतकी वर्षं थांबून ते नेमकं माझ्या गिअरला आडवं आलं. मधे फरक किती? ०.१७५ मिलिमीटर. जेमतेम दोन कागदांएवढा. एखाद्या स्थळात मुलगा, मुलगी, घर, पगार सगळं जमावं आणि गोत्र एक निघावं, तसं झालं. मोटर आणि चाकं यांचं सूत काही जुळेना. तेही अक्षरशः.

आता दोनच वाटा. गिअरचं भोक मोठं करायचं, नाहीतर अ‍ॅक्सल बारीक. मी अ‍ॅक्सल ड्रिल मशीनच्या तोंडात धरला, मशीन चालू केलं आणि त्यावर कानस टेकवली. लेथ म्हणजे तरी दुसरं काय? या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. अ‍ॅक्सल दोन्ही टोकांना जाड आणि मधे बारीक झाला, मुसळासारखा. आजीकडे तसं होतं. तिचं मात्र पाच फुटी होतं आणि उपयोगी होतं. चाकांच्या जोड्या दोन, अ‍ॅक्सल दोन. एक कामातून गेला. सुदैवानं हातात उरलेला गिअरचा होऊ शकत होता; मुसळाला पुढच्या चाकांत, जिथे नुसतं फिरायचं असतं तिथे घातला. ही तडजोड पुढे भोवली. पण ते नंतर.

काका म्हणाले, “सातपूरला जा. नाशिकच्या पोरांना काय येत नाही?”

सातपूरच्या एमआयडीसीत एका गाळ्यासमोर मी स्कूटर लावली. आत तीन लेथ चालले होते. एक जण बाहेर आला.

“बोला भाऊ.”

“बोअर वाढवायचाय. तीन एमएमचा एक सूत करायचा.”

“जॉब उतरवा ना. टेम्पो येतो आतपर्यंत.”

मी शर्टाच्या खिशातून हिंगाची डबी काढली, डबीतून कापूस काढला, कापसातून गिअर काढला. त्यानं तो तळहातावर घेतला. मग मागे वळून हाक मारली, “ओ मामा, चष्मा घेऊन या.” तिन्ही लेथ थांबले. सगळे गोळा झाले. चुकीच्या वॉर्डात गेलेल्या पेशंटकडे पाहतात तसे आधी गिअरकडे, मग माझ्याकडे पाहू लागले.

“घड्याळातलं का?”

“इंजिनातलं.”

“कुठल्या?”

“रेल्वेच्या.”

कुणी काही बोललं नाही. मामांनी चष्मा पुसला, गिअर उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. थट्टा गेली. कसबी माणसासमोर अवघड काम आलं की त्याचा चेहरा होतो तसा झाला. “चकमध्ये नुसता धरला तर दाते दबतील,” ते म्हणाले. “आधी याला पितळेची चिरलेली रिंग करावी लागेल. तिच्यात बसवून धरू. ड्रिल नाही मारायचं, ड्रिल वाकडं खातं. रीमर फिरवू, हातानं.”

दहा ग्रॅमच्याही नसलेल्या मोटरीसाठी, दिवसाचं काम बाजूला ठेवून, त्यांनी ती रिंग केली. अंगठीपेक्षा लहान. गिअर तिच्यात बसवला, रीमर लावलं, हलक्या हातानं फिरवलं. “झालं,” म्हणाले, आणि चक सैल केला. गिअर टिंग करून खाली पडला.

लेथखाली लोखंडाचा कीस साठलेला असतो. कुरळा, चमकता, घोट्याएवढा. त्यात गिअर गेला. एक पोरगा धावत जाऊन मोठं लोहचुंबक घेऊन आला. त्यानं बादलीभर कीस उचलला. पण गिअर पितळेचा. पितळ लोहचुंबकाला दाद देत नाही. मग आम्ही पाच जण अर्धा तास गुडघ्यांवर बसून भाताची शितं निवडावीत तसा कीस निवडत होतो. गिअर शेवटी सापडला. चुंबक आणणाऱ्या पोराच्या चपलेच्या तळव्यात रुतून बसला होता. तोच सगळीकडे फिरून ‘इकडे नाहीये’ म्हणून सांगत होता.

“किती द्यायचे?” मी विचारलं.

“कशाचे? चहा सांगा,” मामा म्हणाले. गिअर सत्तर रुपयांचा, चहा साठ रुपयांचा. माझ्या आयुष्यातला सर्वांत रास्त व्यवहार.

गिअर अ‍ॅक्सलवर लोण्यासारखा सरकला. थोडा जास्तच लोण्यासारखा. म्हणून बेअरिंग पक्कं करायला वापरतात तो हिरवा पातळ डिंक आणला. तो मोठा वांड पदार्थ आहे. उघड्यावर वर्षानुवर्षं पातळ राहतो, पण दोन धातूंच्या फटीत शिरला, हवा बंद झाली, की दगड होतो. बाटलीवर एक थेंब पुरे, असं लिहिलं होतं. पण आपल्याकडे आचमनसुद्धा तीनदा करतात. तिसरा थेंब गिअरच्या पलीकडे वाहत गेला, अ‍ॅक्सलवरून सरकत, अ‍ॅक्सल ज्यात फिरतो त्या चासीतल्या बुशमध्ये शिरला आणि तिथे त्याची हवा बंद झाली. सकाळी गिअर अ‍ॅक्सलला पक्का, अ‍ॅक्सल चासीला पक्का. सगळं एकजीव. सोल्डरिंग आयर्न लावून तापवल्यावर अ‍ॅक्सल सुटला, पण उष्णता पलीकडे गेली आणि एका चाकाचे प्लास्टिकचे आरे गुळाच्या पाकासारखे वाकले. ते चाक आजही तसंच आहे. पाहुण्यांना मी ती बाजू दाखवत नाही.

या दिवसांत मला नाशिकच्या पूर्वजांबद्दल फार आदर वाटू लागला. १८८९ साली त्यांनी नाशिकरोड स्टेशनपासून गावातल्या मेनरोडपर्यंत अडीच फुटी रुळांवर ट्राम घातली आणि डब्यांना घोडे जुंपले. घोड्याला मोड्यूल नसतं. घोड्याला चंदी टाकली की झालं.

आता वर्म आणि गिअर यांची भेट घालायची होती. घट्ट भिडवले तर मोटर गुरगुरून थांबते, सैल ठेवले तर दाते एकमेकांवरून घसरतात. उपाय जुना आहे : मधे कागदाची पट्टी घालायची, दोन्ही दाबून स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून काढायची. कागदाच्या जाडीएवढी मोकळीक राहते. घरातला सर्वांत पातळ कागद विजेच्या बिलाचा निघाला, तेवढीच त्याची एक हलकी बाजू. मोटर लावली. सुरेल घुंईऽऽ असा आवाज आला. मी आनंदानं, खरंच दाते फिरतात का हे पाहायला, तर्जनी पुढे केली. वर्मावर बोट. बाई, आज वाक्यात उपयोग झाला. साल निघालं.

बँडेज बांधून इंजिन रुळावर ठेवलं, वीज दिली. चाकं ढिम्म. पण आत काहीतरी जोरात हललं. टक, टक, टक. झाकण काढून पाहिलं तर चाकं जागेवर होती आणि मोटरच अ‍ॅक्सलभोवती गोल फिरू पाहत होती. चरकाला बैल जुंपावा आणि चरकानंच बैलाभोवती फिरावं, तसं. वायरींचा पीळ पडला होता. मी धावत ४०२ मध्ये गेलो. काका पेपर वाचत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “नाक कुठंय?”

मी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला.

“तुझं नाही रे. मोटरचं. आमच्या मोटरीची एक बाजू अ‍ॅक्सलवर बसते, दुसऱ्या बाजूला नाक असतं. ते बोगीला टेकवायचं. मोटर चाकाला ढकलते तेव्हा चाकही मोटरला उलटं ढकलतं की नाही? नाक नसेल तर मोटर गिरकी घेईल. साडेतीन टनाची मोटर गिरकी घेईल, तुझी माशी का घेणार नाही?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या इंजिनात आणि काकांच्या इंजिनात काहीएक नातं निघालं, आणि ते नाकाचं निघालं. काका स्वतः खाली आले. पितळेच्या उरलेल्या पट्टीचं त्यांनी नाक वाकवलं, आणि कुकरच्या जुन्या रिंगचा एक तुकडा मागून घेतला. “नाक आवळायचं नाही. रबरावर टेकवायचं. थोडं हललं पाहिजे. अ‍ॅक्सल रुळाबरोबर वरखाली होतो, तेव्हा मोटरही त्याच्याबरोबर झुलली पाहिजे. ताठ नाकाचा संसार टिकत नाही.” हे शेवटचं वाक्य ते माझ्या मोटरीला उद्देशून बोलले की काकूंना, ज्या दारात उभ्या होत्या, ते मला सांगता येणार नाही.

नाक लागलं आणि इंजिन चाललं! पुढे नाही, मागे. पण वायरी उलट्या करायला दोन मिनिटं लागतात. पितळी चासीला एक वायर चिकटून दोन वेळा शॉर्ट झालं, तेही निस्तरलं. चाललं. फक्त चालताना ते लंगडत होतं. दोन पावलं सरळ, मग कंबर उडवून एक आचका, मग दोन पावलं सरळ.

काकांचे डोळे पाणावले. “खेकडा!” ते म्हणाले.

मला वाटलं शिवी आहे. ते खरंच एका इंजिनाचं टोपणनाव निघालं. विजेचं, पण चाकांना दांडे जोडलेलं, लांब नाकाचं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस घाटासाठी आलेलं. उभं असताना कण्हायचं आणि चालताना दांडे हलवायचं; घाटातली माणसं त्याला खेकडा म्हणायची. काकांनी पोरवयात ते इगतपुरीला पाहिलं होतं. माझ्या मुसळवाल्या अ‍ॅक्सलमुळे त्यांना बालपण भेटलं. मी म्हटलं, मुद्दाम ठेवलंय तसं.

“खोटं नको बोलूस,” काका म्हणाले. “तुझे क्रँक, म्हणजे चाकांवरचे दांडे जोडायचे खुंट, चुकलेत. एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या नव्वद अंश पुढे पाहिजे, म्हणजे एक बाजू डेड सेंटरला अडकली की दुसरी ढकलते. आणि दोन्ही अ‍ॅक्सलला ते सारखंच पाहिजे. तुझ्या मागच्या अ‍ॅक्सलला नव्वद आहे, पुढच्याला पंच्याऐंशी.” मुसळावर चाक फिरवून फिरवून आम्ही ते नव्वदला आणलं. डोळ्यानं सत्त्याऐंशी असावं. आचका उरला, पण आता तो लाजत लाजत यायचा.

मग काकांनी स्केल काढून रुळांतलं अंतर मोजलं आणि सत्याऐंशीनं गुणलं. “हे तर १४३५ आलं. आपलं ब्रॉडगेज १६७६. तू कसारा घाटात मुंबई मेट्रोचे रूळ घातलेत.” मी त्यांना चहा दिला. काही गोष्टींवर हाच इलाज असतो.

चतुर्थीच्या आदल्या रात्री घाट उभा राहिला. गोणपाट, चिकणमाती, रंग. खरा घाट सदतीसास एक चढतो, आणि तो १८६५ पासून तसाच चढतो आहे, म्हणून काकांनी हट्टानं आमचाही तसाच केला. १८५ सेंटीमीटरच्या फळीला पाच सेंटीमीटर चढ. पाच सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं सपाटीवर राहणाऱ्या माणसाला वाटतं. प्लास्टिकची बॉडी हलकी, चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली, घुंईऽऽ. रात्री साडेनऊला मुंबई नाक्याकडच्या टायरवाल्याकडे गेलो. मोटारीच्या चाकांचं बॅलन्सिंग करताना लावतात त्या शिशाच्या पट्ट्या मागितल्या. “गाडी कुठंय?” त्यानं विचारलं. हा प्रश्न मला आता पाठ झाला होता. मी हात वर करून तळहात दाखवला आणि त्यानं पट्ट्या दिल्या. त्यांचा बॉयलर भरला. मग इंजिन चढलं. एकटं चढलं. दोन डबे लावल्यावर मधल्या वळणापर्यंत आलं, बोगद्याच्या तोंडाशी थांबलं आणि कण्हत राहिलं.

“बँकर लागणार,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला दोनशे माणसं. आमचे सेक्रेटरी हातात माइक घेऊन देखाव्याची माहिती देत होते, “कोणत्याही मानवी मदतीशिवाय, संपूर्ण स्वयंचलित...” आणि मी डोंगरामागे, गोणपाटाखाली, पोटावर पडलो होतो. बोगद्याच्या मागच्या भोकातून माझी तर्जनी आत गेलेली, तिच्यावर अजून बँडेज, आणि बँडेज काळ्या रंगानं रंगवलेलं. नुसतं ढकलून भागत नव्हतं. वर्म आहे, मोटर चालू नसेल तर चाक फिरतच नाही. त्यामुळे मोटरीच्या चालीनं, एक आचका सोडून दुसऱ्या आचक्याला, बेतानं बोट पुढे न्यायचं. गाडी वळणाशी आली, कण्हली, बोटाला टेकली आणि घाट चढली. बाहेर टाळ्या पडल्या. मुलगी कुणाला तरी सांगत होती, “आमच्या बाबांनी केलंय. मोटर माझ्या गाडीची होती, ती जळाली.”

सुखकर्ता सुरू झालं. मग दुर्गे दुर्घट भारी. मग लवथवती. गाडी दर दोन मिनिटांनी येत होती. खालून बायकोचा आवाज आला, “अहो, तबक धरायला या ना, कुठे गेलात?” मला उत्तर देता येईना, कारण डोंगर बोलला असता.

शेवटी गोणपाटाची कड उचलली गेली आणि एक सुरकुतलेला हात आत आला. हातात मोदक.

“घे,” काका म्हणाले. “अजून मंत्रपुष्पांजली बाकी आहे. बँकरला इगतपुरीशिवाय सुटका नाही.”